फोर्कलिफ्टच्या वाटेत माणूस

तीन टन माल उचलणारा फोर्कलिफ्ट स्वतः चार टनांच्या वर भरतो. मागे एवढं वजन असल्याशिवाय पुढच्या काट्यांवरचा माल पेलतच नाही. आता तो वळताना नीट बघा. मोटार पुढच्या चाकांनी वळते, हा मागच्या चाकांनी. ड्रायव्हरने डावीकडे घेतलं की मागची बाजू उजवीकडे फेकली जाते. शेजारून चालणाऱ्याला वाटतं, गाडी पलीकडे चालली. पाय सापडतो तो तिथेच.

सोलापूरजवळ पुणे महामार्गावर चिंचोली एमआयडीसी आहे. इथे ओतलेले कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, परदेशी गाड्यांच्या इंजिनातही बसतात. ओतकाम, मशीनिंग, तपासणी, पॅकिंग. प्रत्येक टप्प्याला जड माल हलवावा लागतो. बिन, म्हणजे मालाचे मोठे डबे, उंच रचले की ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. अशा वेळी गाडी रिव्हर्समध्ये न्यायची, हा नियम. पण शिफ्ट संपत आलेली असते, ट्रक गेटवर खोळंबलेला असतो. नियम मागे पडतो, आणि मग अपघाताच्या कागदावर एकच ओळ येते: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

हे कारण आम्हाला पटत नाही. माणसं आणि गाड्या एकाच गल्लीतून जात असतील, तर कधीतरी गाठ पडणारच. जमिनीवर पिवळा पट्टा मारून भागत नाही, पट्टा गाडी अडवत नाही. चालायच्या वाटेला लोखंडी कठडा हवा. शिफ्ट सुटताना गाड्या थांबायला हव्यात.

फोर्कलिफ्ट कलंडू लागला तर उडी मारायची नाही. उडी मारणाऱ्यावरच वरचा सांगाडा येतो. सीटबेल्ट बांधलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, अंग कलत्या बाजूच्या उलट, असं आतच बसून राहायचं. कंत्राटावर आलेल्या मुलाला हे पहिल्याच दिवशी शिकवलं पाहिजे.

आणि इजा झालीच तर? ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला, तो ठेकेदाराचा असला तरी, कामावरच्या अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळतं. अंथरुणाला खिळला तर मजुरीच्या सुमारे ९० टक्के भत्ता. मोहोळकडे घरी परतताना दुचाकीला धडक बसली तरी हक्क जात नाही. २०१० च्या दुरुस्तीने जाता-येताचा अपघातही कामावरचा धरला. फक्त वेळ, जागा आणि कामाशी असलेला संबंध दाखवावा लागतो. म्हणून घरच्यांनी दवाखान्याच्या धावपळीतही दोन गोष्टी मागून घ्याव्यात: त्या दिवसाच्या हजेरीची नोंद, आणि कारखान्याच्या अपघात वहीतल्या नोंदीची प्रत.