हरभऱ्याएवढ्या लेन्समध्ये पाच भिंगं

हे चिमट्यात धरलंय ते नीट बघा. हरभऱ्याएवढं आहे. एक काळं नळकांडं, त्याला बॅरल म्हणतात, आणि पुढच्या तोंडाला चकचकीत ठिपका. फोनमध्ये ०.५ वर बोट ठेवलं की जो कॅमेरा चालू होतो ना, त्याची ही लेन्स. पुण्याच्या तापकीर गल्लीत एका रिपेअरवाल्या मित्राकडे बोर्ड गेलेला फोन पडून होता, त्यातून काढली.

फोडायच्या आधी हा शॉट शांतपणे बघा, मी स्वतः तो वीसेक वेळा बघितलाय. समोरून पाहिलं की आत छोटं गोल भोक दिसतं, उजेड आत जायचं. आता लेन्स हळूहळू तिरकी करतोय. एखाद्या पत्र्याला पाडलेलं भोक असं तिरकं केलं तर ते चपटं होत जातं, मग नुसती रेघ उरते. इथे बघा, भोक आपल्याकडे वळतंय, सूर्यफूल वळतं तसं, आणि लेन्स एवढी कलली तरी बऱ्यापैकी उघडं आहे.

हे कोणीतरी बसून, हिशेब करून घडवलंय. वाइड लेन्सचं, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सचं जुनं दुखणं म्हणजे फोटोच्या कोपऱ्यातला अंधार. तिरका येणारा उजेड कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. १२० अंशाची लेन्स म्हणजे मधल्या रेषेपासून ६० अंश, ६० चं कोसाइन अर्धं, आणि अर्ध्याचा चौथा घात एक सोळांश. मध्ये सोळा आणे उजेड असेल तर कोपऱ्यात एक आणा.

हा जुना फोटो हायपरगॉनचा. साल १९००, बर्लिनच्या गोएर्झ कंपनीत एमिल फॉन होएग यांनी बनवलेली लेन्स, वाट्यांसारखी दोनच भिंगं आणि नजर जवळपास १३५ अंशांची. समोर चांदणीच्या आकाराची पंखी दिसतेय? फोटोग्राफर रबरी फुगा दाबून हवा मारायचा, पंखी गरगर फिरायची आणि मधला उजेड अडवायची, कोपऱ्यांना तेवढा वेळ मिळायचा, मग पंखी बाजूला करून बाकीचा फोटो. पुढे १९४० च्या दशकात लेनिनग्राडच्या मिखाईल रुसिनोव्ह यांनी विमानातून नकाशे काढायच्या लेन्समध्ये हे वळणारं भोक कामाला लावलं. पुढच्या भिंगाचा आकार असा ठेवायचा की कडेने येणाऱ्या किरणाला आतलं भोक मोठं दिसावं. पंखी नको, काही नको. तीच कल्पना आत्ता माझ्या चिमट्यात आहे.

चला, बॅरल कापला. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मधूनमधून कांद्याच्या सालीएवढ्या पातळ काळ्या चकत्या, त्या भरकटलेला उजेड गिळायला.

पहिलं भिंग उजेड गोळा करत नाही, पसरवतं. उलटं वाटेल, पण विचार करा. आयफोन ११ सप्टेंबर २०१९ मध्ये आला, त्याच्या १२० अंशाच्या कॅमेऱ्यातही पाचच भिंगं, आणि फोकल लेंथ, म्हणजे लांबचं चित्र भिंगामागे जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटतं ते अंतर, फक्त १.५४ मिलिमीटर. साधं भिंग घेतलं तर सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, त्याच्या मागे दीड मिलिमीटरवर चिकटवावा लागेल, मग बाकीची भिंगं आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड अडवणारा फिल्टर ठेवायचा कुठे? म्हणून पुढे पसरवणारं आणि मागे गोळा करणारी, की मागे जागा सुटते. पॅरिसच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे लेन्समागच्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, त्या आरशाला जागा करायला हेच केलं होतं, रेट्रोफोकस नावाने.

आता पाचवं, माझं सगळ्यात लाडकं. मायक्रोस्कोपखाली बघा, पातळ मेदूवडा आहे अगदी, मध्ये खळगा, भोवती उंचवटा, कडेला परत उतार. कडेचे किरण इथे येईपर्यंत फार आडवे झालेले असतात, त्यांना जरा सरळ करून सेन्सरवर सोडायचं आणि सगळं चित्र एका सपाट पातळीत आणायचं काम याचं. काच घासून गोलाई येते, हा मेदूवडा येत नाही, म्हणजे घासून एखादा बनेल पण लाखो नाही बनणार. म्हणून प्लॅस्टिक, साच्यात ओतलेलं. ही कड बघा, एका बाजूला किंचित सपाट आहे, वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरलं ते इथून.

प्लॅस्टिक म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि मला खरंच वाईट वाटतं. वजनाला जवळपास पाण्याइतकं, काच त्याच्या अडीच पट. आणि असल्या लेन्समध्ये किमान दोन जातींचं लागतं, एक रंग कमी फोडणारं, एक जास्त, दोघांनी मिळून फोटोतली जांभळी कड मिटवायची. फोटो छान आला की श्रेय सगळं सॉफ्टवेअरला जातं, पण सॉफ्टवेअरच्या हातात जे पडतं ते या पाच थेंबांतून आलेलं असतं.

गरमीत प्लॅस्टिक काचेपेक्षा जास्त फुगतं, फोटोतल्या रेषा सरळ ठेवल्या की ग्रुप फोटोत कडेला उभा असलेला काका ताणला जातो, हे तोटे आहेतच.

पाचही भिंगं, चकत्या, सगळं होतं त्याच क्रमाने मी परत बसवलं. श्वास रोखून, दोन तास. इथे मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशेब चालतो, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. मित्राने बॅरल सेन्सरवर ठेवून तशाच एका चालू फोनला केबल जोडून दिली. समोर दुकानाची पाटी होती.

हा तो फोटो.