धुराला वाट, हवेला वाट

(कणकुंबी. पाऊस. कौलांतून निघणारा धूर.)

मलप्रभा नदीच्या उगमाजवळचं कणकुंबी गाव. जुलैत इथं खिडकी उघडली की अंथरूणं भिजतात, म्हणून खिडक्या बंद. तरी धूर कोंडलेला नाही. कौलांच्या फटींतून निघतोय, पाहा.

चूल पेटली की घरातली हवा तापते, हलकी होते, वर चढते. त्यामुळं आढ्याजवळ दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, जमिनीलगत किंचित कमी. आढं 5 मीटर उंच आणि आत 10 अंश जास्त ऊब असेल, तर खालीवर मिळून दाबातला फरक साधारण 2 पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं एकक). पाण्याच्या नळीत मोजला तर मिलिमीटरचा पाचवा हिस्सा! तेवढ्यावर हा धूर हलतो.

(दाराच्या फटीशी उदबत्ती.)

उंबऱ्याशी धरली, धूर आत वळला. चौकटीच्या वरच्या फटीशी धरली, बाहेर गेला. मधे एका उंचीवर तो सरळ उभा राहतो. तिथं आतबाहेर दाब सारखा. वरच्या फटी जितक्या मोकळ्या, तितकी ही जागा वर.

(स्लॅबचं स्वयंपाकघर. एक्झॉस्ट फॅन सुरू होतो.)

इथं वर फटच नाही. खिडकीला रबराची पट्टी, दाराखालीही पट्टी. चुलीवर पत्र्याचं धुराडं, भिंतीत 9 इंची फॅन. बटण दाबलं, आणि धूर खाली आला. फॅन हवा बाहेर फेकतोय, पण आत यायला दुसरी वाट नाही. खोलीतला दाब काही पास्कलांनी उतरतो. धुराडं अजून थंड, त्याची ओढ कमी पडते. मग बाहेरची हवा धुराड्यातूनच उतरते. अशा वेळी लोक मोठा फॅन आणतात. त्यानं दुखणं वाढतंच.

(गवंडी भिंतीला भोक पाडतोय.)

9 इंची फॅनचं तोंड साधारण 64 चौरस इंच. तेवढं तरी मोकळं भोक समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला, पावसाच्या माऱ्यापासून दूर. डासांची जाळी लावली तर दीडपट मोठं. आधी कागद पेटवून धुराडं तापवायचं, मग जळण, फॅन सगळ्यात शेवटी.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही हाच हिशेब, फक्त तिथं कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही आणि त्यानं जीव जातो. गिझर बाहेर बसवा.

(छपरावर धुराड्याची टोपी.)

टोपी नळीला चिकटवू नका. 4 इंची नळीवर 2 इंच तरी फट हवी.