केसरबाईंची अट

(दृश्य: फिरणारी तबकडी. भैरवीचे सूर.)

हा आवाज १९७७ साली ‘नासा’च्या ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अवकाशात गेला. गायिका केसरबाई केरकर, भैरवी, ‘जात कहाँ हो’. जगाला त्या या साडेतीन मिनिटांमुळे ठाऊक आहेत. मैफलीत भैरवी यायची ती अगदी शेवटी. खरं गाणं त्याआधी झालेलं असायचं.

(दृश्य: गोवा, केरी गाव.)

केसरबाई १८९२ साली केरीतल्या कलावंत घरात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाण्यावर जगणाऱ्या घरात, जन्मल्या. अशा घरातल्या बाईनं समोरचा म्हणेल ते गावं, ही त्या काळची रीत. पैसे देणाऱ्याची फर्माईश मोडायची नाही.

१९२१ साली त्यांनी थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व पत्करलं. सलग अकरा वर्षं कसून तालीम झाली. नाव झाल्यावरही, १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत, शिकणं थांबलं नाही.

(दृश्य: तंबोरा जुळवणारे हात.)

खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ही गायकी चटकन टाळी घेणारी नव्हेच. विलंबित म्हणजे संथ लयीतला तीनताल, मोकळा ‘आ’कार, क्वचित ऐकू येणारे अनवट राग, लयीत विणलेली तान. ऐकणाऱ्यालाही समेपर्यंत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, सोबत चालावं लागतं. महाराष्ट्र तेव्हा नाट्यपदांवर लुब्ध होता. केसरबाईंनी त्याच लोकांपुढे आपला ख्याल, म्हणजे रागाचा विस्तार करणारं गाणं, सावकाश मांडला आणि बिदागीही भारी घेतली. मैफलीतली कुजबुज त्यांना खपत नसे. लोक याला ताठा म्हणत. मला मात्र त्यात फर्माईशीच्या पिढ्यांना दिलेलं उत्तर ऐकू येतं: काय गायचं ते मी ठरवणार, ऐकायचं तर नीट ऐका.

धनवंत चाहते पाठीशी होते, म्हणून हा बाणा त्यांना परवडला, हेही खरं. पोटासाठी रोज गाणाऱ्या किती जणींना तो परवडला असता?

त्यांनी मोजक्याच तबकड्या दिल्या, रेडिओला नकार दिला. १९६० च्या दशकात, आवाज पूर्वीसारखा लागत नाहीसं वाटलं तेव्हा, जाहीर गाणंही थांबवलं. विद्या दिली ती धोंडूताई कुलकर्णींना. बाकी दार जवळपास बंदच.

(दृश्य: तबकडीवरची सुई.)

म्हणून त्यांचा भरमैफलीतला ख्याल आपल्याला फार थोडा ऐकायला मिळतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी, त्यांनी लोकांसाठी थोडं सोपं गायला हवं होतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. तसं गाणं देणारे तेव्हाही पुष्कळ होते.