बेरीच्या मळ्यातलं घबाड

(दृश्य: पर्थशायर, स्कॉटलंड. रास्पबेरीच्या रांगा. त्यावर तंबूंचे जुने कृष्णधवल फोटो.)

निवेदन:

हे ब्लेअरगौरी. उन्हाळ्यात बेरीची तोडणी सुरू झाली, की इथं ट्रॅव्हलर लोकांचे तंबू पडायचे. ट्रॅव्हलर म्हणजे स्कॉटलंडमधले भटके. कुणी पत्र्याची भांडी करायचं, कुणी घोड्यांचे सौदे, कुणी नदीत उतरून शिंपल्यांतले मोती शोधायचं. गावकऱ्यांच्या लेखी सगळे उपरे! दिवसभर बेऱ्या तोडायच्या आणि रात्री शेकोटीभोवती गाणी, गोष्टी.

1950च्या दशकात हेमिश हेंडरसन हा कवी टेपरेकॉर्डर घेऊन इथं येऊन बसला. 1951 साली एडिंबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं होतं, त्यांच्यासाठी तो गाणी गोळा करत होता. हे काम म्हणजे नायगाऱ्याखाली डबा धरण्यासारखं आहे, असं तो म्हणायचा.

(दृश्य: ॲबर्डीन, दगडी घरं.)

1953 साली त्याला ॲबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन सापडली. तीही ट्रॅव्हलर घरातलीच. दमलेली होती, दारात आलेल्या या पाहुण्याला वाटेला लावायच्या बेतात होती. हेंडरसननं तिथंच हार्लॉच्या लढाईचा पोवाडा गायला घेतला. मग बाईंना राहवेना. हे असं नसतं, आत ये, मी सांगते कसं म्हणायचं ते! असा तो प्रसंग सांगितला जातो. शेकडो वर्षांची स्कॉट्स कथागीतं तिला आईकडून मिळाली होती. ज्यांना विद्वान मंडळी ग्रंथालयांत शोधत होती, ती हिला तोंडपाठ.

(दृश्य: हेब्रिडीज बेटं. लांब फळीभोवती बसलेल्या बायका.)

जीनीची भाषा स्कॉट्स, ती इंग्रजीची बहीण. स्कॉटलंडची दुसरी जुनी भाषा गेलिक, तिचं गोत वेगळं, ती आयरिशच्या घरातली. पण गाणी साठवण्याची जागा तीच, माणसाची स्मरणशक्ती. मागावरून उतरलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून या बेटांवरच्या गेलिक बायका ते शिळ्या मुतात भिजवायच्या (हो, मुतातच; त्यानं लोकरीचं तेल निघतं) आणि फळीवर आपटत एकीकडून दुसरीकडे सरकवायच्या. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धृपद उचलायचं. कापड किती वेळ आपटायचं, तर अमुक इतकी गाणी होईपर्यंत. त्यात एकच गाणं पुन्हा म्हणणं अशुभ! म्हणजे भांडार मोठंच हवं.

अठराव्या शतकातला गेलिक कवी डंकन बॅन मॅकिन्टायर, त्याला तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. बेन डोरेन डोंगरावर तो हरणांची राखण करायचा. त्या डोंगरावरचं त्याचं दीर्घ काव्य बॅगपाइपच्या चालींवर बांधलेलं आहे, संथ आणि द्रुत आळीपाळीनं. हजारो ओळी डोक्यात. दुसऱ्यांनी त्या उतरवून घेतल्या आणि 1768 साली एडिंबऱ्यात त्यांचं पुस्तक निघालं.

1872च्या शिक्षण कायद्यात मात्र गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. आणि स्कॉट्स? ती तर बिघडलेली इंग्रजी, असं म्हणत मास्तर मुलांना गप्प करायचे.

(दृश्य: स्कॉटिश संसद.)

2022च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं. गेलिक थोडीफार तरी जाणणारे सुमारे 1 लाख 30 हजार. दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत व्हायला 2025 साल उजाडलं. उशीरच म्हणायचा. स्कॉट्स गाणाऱ्या जीनी रॉबर्टसनला तर ब्रिटनच्या राणीकडून एमबीई हा किताब मिळाला होता 1968 सालीच.

तिची आणि त्या मळ्यातली ध्वनिमुद्रणं आज ‘टोबर अन् डुअलचस’ या संकेतस्थळावर कुणालाही फुकट ऐकता येतात.

(ध्वनी: जुनं ध्वनिमुद्रण. बाईचा आवाज, वाद्यांविना.)