मांडवातली तारीख आणि दाखल्यावरची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या मुलाचं लग्न दोनदा झालं. एकाच मुलीशी. पहिल्यांदा मे २०२२ मध्ये, पुण्यात, अगदी साग्रसंगीत. फ्रान्सहून आलेल्या विहीणबाईंनी पहिल्याच मंगलाष्टकाला हातातल्या सगळ्या अक्षता उधळून टाकल्या आणि पुढची चार कडवी रिकामी मूठ हलवत उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्ये, विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, तीन साक्षीदारांसमोर. त्यातला एक साक्षीदार मी होते. या दोन लग्नांपैकी सरकारदरबारी कुठलं मोजलं जातं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते तुम्हाला वेळेवर कळावं, एवढ्यासाठी आज बोलते आहे.

मी वकील नाही. बँकेत नोकरी केली, त्यामुळे कागदांची भीती वाटत नाही, इतकंच. आणि तरीही चुकलो. कारण आपल्याकडे लग्न म्हणजे हॉल, गुरुजी, जेवण. नोंदणी काय, सावकाश करू, असं आपण म्हणतो. दोघेही इथलेच असतील तर त्यानं फारसं अडतही नाही. एकाचा पासपोर्ट वेगळा असला की मात्र सगळं घड्याळच दाखल्यावरच्या तारखेपासून चालू होतं.

आमची अडचण अशी. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि तो वधू आणि वर दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. सून जन्मानं कॅथलिक. तिनं धर्म बदलावा असं तिला वाटत नव्हतं आणि आम्हालाही नाही. मग उरतो विशेष विवाह कायदा, १९५४ चा. तो धर्म विचारत नाही, राष्ट्रीयत्वही विचारत नाही. वराचं वय २१, वधूचं १८, दोघांचंही आधीचं लग्न अस्तित्वात नको, आणि दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस राहिलेलं हवं. मुलगा पुण्याचाच, त्यामुळे ती अट सुटली. नोटीस दिली की तिची प्रत कार्यालयात लावतात आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लावलं नाही, तर पुन्हा नव्यानं नोटीस.

तो नोटिशीचा फलक मी बघून आले होते. काचेचं दार, त्याला कपाटाला लावतात तसलं छोटं कुलूप, आत ओळीनं चिकटवलेले अर्ज. उन्हानं काही फोटो पिवळे पडलेले. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ प्रत्येक जोडीचे पत्ते बोट ठेवून वाचत होते. का, कोण जाणे. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्या पोरांचं काय होत असेल, हे मला त्या फलकासमोर पहिल्यांदा कळलं. असा पत्ता टांगून ठेवणं मला आजही पटत नाही.

त्याआधी सुनेच्या देशाचा कागद लागतो. ती लग्नाला मोकळी आहे, असं तिच्या दूतावासानं लिहून द्यायचं. फ्रान्सच्या बाबतीत तर तिकडेही दहा दिवस जाहीर सूचना लावतात आणि मग मुंबईच्या वकिलातीतून तसं प्रमाणपत्र मिळतं. प्रत्येक देशाचं नाव वेगळं, नमुना वेगळा, पण कागद तोच. या कामाला सगळ्यात आधी लागा. पत्रिका छापायच्या आधी.

आता नावाची गोष्ट. आपली तीन नावांची पद्धत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की जगात सगळ्यांना मधलं नाव असतं आणि ते वडिलांचंच असतं, असं आपण धरून चालतो. सुनेच्या पासपोर्टवर तिची स्वतःचीच तीन नावं, तिच्या दोन आज्यांची धरून, आणि मग आडनाव. मसुदा टाइप करणाऱ्यानं विचारलं, "वडिलांचं नाव?" तिनं सरळ सांगितलं. त्यानं ते मध्ये घातलं, आज्यांना बाहेर काढलं, आणि "काकू, जागा एवढीच आहे," म्हणून माझ्याकडे बघून हसला. आम्हीही हसलो. सही करताना कुणी नीट वाचलंच नाही. पुढे व्हिसाच्या अर्जाला तो दाखला जोडला, तर पासपोर्टवरची बाई वेगळी आणि दाखल्यावरची वेगळी. दुरुस्तीत सात आठवडे गेले. तेव्हा पासपोर्टवर जे आहे तेच, स्पेलिंगसकट, त्याच क्रमानं. सही करण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या, मागची रांग कुरकुरली तरी.

दाखला हातात आला म्हणजे राहण्याचा हक्क आला, असंही नाही. सून पर्यटक व्हिसावर आलेली होती. त्या व्हिसाची मुदत चालू असताना भारतीय नागरिकाशी लग्न झालं, तर तो एंट्री व्हिसात बदलून मागता येतो. त्यालाच एक्स व्हिसा म्हणतात. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर करायचा. मुंबईचं कार्यालय सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे, बाकी बहुतेक जिल्ह्यांत हे काम पोलिसांकडे असतं. एक लक्षात ठेवा, एंट्री व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. सून शिकलेली, कमावती, आणि इथे येऊन माझ्याबरोबर शेंगा सोलत बसलेली. तिला ते किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे.

नवराबायको खरोखर एकत्र राहतात का, याची चौकशी होते. आमच्याकडे एक हवालदार आले, मोटरसायकलवरून, भर दुपारी. दारातल्या चपला बघितल्या, शेजारच्या जोशीकाकूंना विचारलं, मग सुनेला म्हणाले, "मॅडम, मराठी येतं का?" ती म्हणाली, "थोडं थोडं. चहा टाकू?" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा घेतला. चांगला माणूस होता. पण आपल्या संसाराचा पुरावा दारातल्या चपलांवरून ठरतो, ही गोष्ट मनातून जात नाही.

आता तारखेकडे येते. परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळू शकतं. नाव नागरिकाचं असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. मिळालं की कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंदणी नको, नोकरीही करता येते. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर वेगळी परवानगी. पण अर्जासाठी लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झालेली हवीत, आणि तेवढा काळ ते टिकलेलं हवं. नोंदवून, हा शब्द महत्त्वाचा. आमची दोन वर्षं मे २०२४ मध्ये भरली असती, ती भरली नोव्हेंबरमध्ये. सहा महिने नुसते मांडवाच्या हौसेपायी गेले. आधी नोटीस द्या, सही करा, आणि मग मुहूर्त बघून हवा तेवढा थाट करा. जोडीदाराचे आईवडील किंवा आजीआजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर मात्र हे कार्ड मिळत नाही. आणि लग्न मोडलं तर लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्डही रद्द होऊ शकतं. सासू म्हणून सांगते, हे मला बोचतं. सुनेचं इथलं राहणं माझ्या मुलाच्या स्वभावावर का अवलंबून असावं?

आपल्या मराठी माणसांत अशी लग्नं काही नवी नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह इव्होन यांनी १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि त्या सावित्रीबाई खानोलकर झाल्या. परमवीर चक्राचं रेखाटन त्यांचंच. त्या काळी बऱ्याच देशांत बायकोचं नागरिकत्व नवऱ्यामागे फरफटत जायचं. अमेरिकेत तर १९०७ च्या कायद्यानं परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई आपलं नागरिकत्वच गमवायची. १९२२ मध्ये ते बदलायला सुरुवात झाली. आज भारतात लग्नानं आपोआप काही मिळतही नाही आणि जातही नाही. नागरिकत्व हवं असेल, तर इथे सात वर्षं राहून अर्ज करायचा आणि मूळ देशाचं सोडायचं.

उलट्या दिशेनं जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलवायचं तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पाउंड उत्पन्न दाखवावं लागतं, पूर्वी ते १८,६०० होतं. जर्मनीला जायचं तर बहुतेकांना ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन यावं लागतं, म्हणून पुण्याच्या जर्मन वर्गांत हातावरची मेंदी न गेलेल्या नव्या नवऱ्या दिसतात.

गोव्यात तर परदेशी माणूस यावाही लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. त्यामुळे एकाच वाड्यातले, एकाच शाळेत शिकलेले नवराबायको कागदावर दोन देशांचे होऊन बसतात.

आमच्याकडे आता नात आहे, आठ महिन्यांची. पुण्यात जन्मली, बाप भारतीय आणि आई रीतसर राहणारी, म्हणून जन्मानं भारतीय. आई फ्रेंच म्हणून फ्रेंचही. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. विहीणबाई नाताळात नातीला मागताहेत, म्हणजे तिला कुठला तरी एक पासपोर्ट काढायलाच हवा. भारतीय काढला तर व्हिसा तिच्या आजोळचा, फ्रेंच काढला तर इथे राहायला पुन्हा ओसीआय. मुलगा एक म्हणतो, सून दुसरं म्हणते, आणि दोघंही माझ्याकडे बघतात. दोन्ही अर्ज गेला महिनाभर आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेले आहेत. नावाचा रकाना तेवढा मी भरून ठेवला आहे, मोठ्यानं वाचून.

नमस्कार.