शेवटचा थिरथिरा कोणी पाहिला?

नमस्कार. आधी जरा हात वर करायला लावते. थिरथिरा, आपल्याकडे हिवाळ्यापुरता येणारा छोटा पाहुणा पक्षी, या हिवाळ्यात पहिल्यांदा कधी दिसला, हे किती जणांना सांगता येईल? बरेच आहेत, छान. आता शेवटचा कधी दिसला? दोन हात. त्यातला एक अर्धाच वर आलाय.

तुमचा दोष नाही. येणारा पक्षी आपणहून डोळ्यांत भरतो. काल कुंपणावर कोणी नव्हतं आणि आज तांबूस शेपटी थरथरवत एकजण बसलाय, हे कुणाच्याही ध्यानात येतं. जाणाऱ्याचं तसं नाही. आज दिसला तो शेवटचा, हे त्या दिवशी कळत नाही. ते कळतं आठ-दहा दिवसांनी, आणि तेही मधले सगळे दिवस तुम्ही तिथे जाऊन पाहिलं असेल तरच.

माझ्या जुन्या वहीत एक नोंद आहे : ‘२३ मार्च. थिरथिरा, मादी, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर.’ तिच्याखालची नोंद थेट २ एप्रिलची, आणि तीत थिरथिरा नाही. मधले नऊ दिवस मी बाहेर पडलेच नव्हते. पण पुढे कित्येक वर्षं मी लोकांना छातीठोकपणे सांगत होते, की आमचा थिरथिरा २३ मार्चला जातो! तो कधी गेला ते वहीत नव्हतंच. वहीत होता तो माझा आळस.

म्हणून वसंतातल्या नोंदींबद्दल माझं पहिलं मागणं हे, की न दिसल्याचीही नोंद ठेवा. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी भरताना एक प्रश्न येतो, ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिलेत का? पुष्कळजण त्यावर न वाचताच बोट ठेवतात. खरं तर सगळी गंमत त्या प्रश्नात आहे. ‘हो’ म्हटलं, की यादीत नसलेला पक्षीसुद्धा काहीतरी सांगू लागतो. तुम्ही अर्धा तास पाहिलंत आणि तो नव्हता, ही माहिती झाली. नुसते आवडते चार पक्षी लिहिलेत, तर बाकीचे नव्हते की तुम्हाला कंटाळा आला होता, हे कसं कळणार?

आपल्याकडे स्थलांतरित पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या तारखा सामान्य माणसांकडून गोळा करायला मायग्रंटवॉच हा उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला होता. आता आपण ई-बर्डवर लिहितो. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते, भारतातले लोक २०१३ पासून तीत आहेत, आणि त्या चार दिवसांत उत्साह अगदी ओसंडून वाहतो. पण तेव्हा पाहुणे अजून मुक्कामालाच असतात. ते निघतात मार्च-एप्रिलमध्ये, ऊन तापायला लागतं तेव्हा, आणि नेमक्या तेव्हाच आपल्या दुर्बिणी कपाटात जातात.

आता ओळखीकडे येऊ. वसंतात ओळखीचे पक्षीसुद्धा चकवतात, कारण त्यांचा पोशाख बदलत असतो. हा बदल दोन तऱ्हांनी होतो. काही पक्षी थोडी नवी पिसं घालतात. काहींची जुनीच पिसं झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. दुसरी तऱ्हा पाहायला कुठे जायला नको, चिमणा बघा. त्याच्या गळ्यावरचा काळा डाग हिवाळ्यात पुसट असतो, कारण त्या काळ्या पिसांच्या टोकांना करडी किनार असते. वीण जवळ येईतो ती किनार झिजून जाते आणि डाग काळाकुळकुळीत होतो. एक पीसही नवं आलेलं नसतं! भोरडीचंही असंच. शिशिरात मळकट वाटलेले नर पळसावर, पांगाऱ्यावर येतात तोवर स्वच्छ गुलाबी आणि काळे झालेले असतात. मला विचाराल तर झिजून देखणं होणं ही फार मोठी सोय आहे, पण ते असो.

पिवळा धोबी पहिल्या तऱ्हेचा. जानेवारीत चिखलात पळणारे सगळे सारखेच मळखाऊ दिसतात. मार्चमध्ये नरांची डोकी रंगायला लागतात. एकाचं गडद करडं, एकाचं काळंभोर, एकाचं फिकं राखाडी आणि डोळ्यावर पांढरी भुवई. या उत्तरेत वेगवेगळ्या मुलुखांत वीण करणाऱ्या उपजाती, आणि इथे एकाच डबक्याकाठी चरत असतात. निघायच्या आधीचे हे थोडे आठवडेच त्यांची उपजात सांगायची संधी देतात. तेव्हा फोटो घ्याल तर डोक्याचा घ्या, एका बाजूने, भुवई दिसेल असा. माद्या आणि लहान पक्षी मात्र ‘पिवळा धोबी’ एवढ्यावरच सोडून द्यावेत. त्यात कमीपणा नाही.

जांभळ्या शिंजिराचा नर असाच अर्धवट अवस्थेत दिसतो. अंग मादीसारखं पिवळट, गळ्यापासून पोटावर ओढलेली काळी रेघ, आणि खांद्यावर कुठेतरी चमकदार ठिपका. ‘हा नवीन कोणता?’ म्हणून दरवर्षी दोघे-तिघे तरी मला फोटो पाठवतात. तसेच कोकिळेच्या मादीचेही, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेले.

आवाजाचं वेगळंच. तांबट टुकटुक करताना मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी या झाडावरून आल्यासारखा वाटतो, कधी त्या. शेंड्याची वाळकी फांदी शोधा, बहुधा तिथेच असतो. आणि आवाजावरून पक्षी ओळखणारी मर्लिनसारखी ॲप जरूर वापरा, पण हरेव्यासारख्या नकलाकारापुढे जपून. तो चार पक्ष्यांच्या हाका ओळीने काढतो, ॲप चार नावं दाखवतं आणि आपण चारही लिहून मोकळे होतो. चोच हलताना दिसली का, एवढं स्वतःला विचारा.

घरटं सापडलं तर त्याची जागा कुणालाही कळवू नका. फोटोसाठी आडवी आलेली डहाळी वाकवली, की कावळ्यालाही घरटं दिसतं.

एकांनी चिठ्ठी पाठवलीये, ‘नोंद चुकली असं नंतर कळलं तर?’ माझी झालीये तशी. एका हिवाळ्यात मी चार वेळा शिक्रा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी, लिहिला. तोच आकार, तशीच पट्ट्यांची शेपटी, तसंच उडत येऊन फांदीवर टेकणं. एप्रिलमध्ये त्याच झाडावर तो बसला, मी वहीत ‘शि’ लिहिलं, आणि साहेबांनी चोच उघडून खणखणीत ‘पेरते व्हा’ केलं. पावशा! मग दुर्बिणीतून नीट पाहिलं, तर डोळ्याभोवती पिवळं कडं, आणि चोच शिकाऱ्याची आकडेबाज नव्हेच. हिवाळ्यात पावशा फारसा बोलत नाही, आणि मी चोच कधी पाहिलीच नव्हती. तो ‘शि’ खोडून मी पावशा लिहिलं. आधीच्या चार नोंदींचं काय करणार? त्यातला एखादा खरंच शिक्रा असेलही. खोडल्या नाहीत. चारींपुढे प्रश्नचिन्ह घातलं, ते अजून आहे.