मावशीचा ठिपका आणि दर गुरुवार

नमस्कार श्रोतेहो.

आमची मावशी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालते. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण ज्येष्ठ वद्य अष्टमी जवळ आली की तिला घरात धरून ठेवणं कुणाला जमत नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलानं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवायला शिकवलं, म्हणजे आपण कुठे आहोत ते दुसऱ्याच्या फोनमधल्या नकाशावर सरकत्या ठिपक्यानं दिसतं. पालखी पुण्याहून सासवडला निघाली त्या दिवशी सकाळी सहाला तिनं बटण दाबलं. मग आम्ही सगळे घरबसल्या वारी करू लागलो. हडपसर आलं, पुढे फुरसुंगी मागे पडलं. दुपारी दोनच्या सुमारास, दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकीजवळ, तो ठिपका एकाएकी नाहीसा झाला.

झालं! घरात गोंधळ. त्या गर्दीत फोन लागेना. भाऊ गाडी काढून निघायच्या बेतात होता. रात्री सासवडच्या मुक्कामावरून मावशीचाच मुलाला फोन आला. "अरे, आठ तास झाले, संपलं ते. तूच आठ तासांवर दाबायला शिकवलंस ना?"

बरोबर होतं तिचं. 2017 साली व्हॉट्सअ‍ॅपनं ही सोय आणली, तेव्हापासून तिच्यात तीनच मुदती आहेत: पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. कायमचं चालू ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नाही. आम्ही त्या दिवशी या मुदतीला शिव्या दिल्या. आज मला वाटतं, त्या सोयीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच आहे.

बरेच जण मला म्हणतात, "अहो, वरून सॅटेलाइट आपल्याला बघतच असतं, लपवायचं काय?" तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून नुसती वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरतात, आकाशवाणीसारखे. तुम्ही आत्ता माझं बोलणं कुठे बसून ऐकताय, हे मला इथे स्टुडिओत कळत नाही, तसंच त्यांनाही तुमचा पत्ता नसतो. त्यावरून आपण कुठे आहोत याचा हिशेब करतो तुमचा फोन. गोष्ट बाहेर जाते ती त्यानंतर, फोनमधलं एखादं अ‍ॅप तो हिशेब इंटरनेटवरून कुणाला तरी कळवतं तेव्हा. म्हणजे चावी आकाशात नाही, आपल्याच खिशात आहे.

आता कुणी म्हणेल, एका ठिपक्यानं काय होतंय? एकानं खरंच फारसं होत नाही. पण ठिपके साठत जातात. धावणाऱ्या आणि सायकलवाल्यांच्या वाटा नोंदवणारं स्ट्राव्हा नावाचं अ‍ॅप आहे. त्यांनी 2017 च्या नोव्हेंबरात जगभरातल्या आपल्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचं नाव नव्हतं. जिथे लोक जास्त धावतात तिथे उजेड, नाहीतर काळोख. दोन महिन्यांनी नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या काळोखात मधेच लखलखीत चौकोन नि वेटोळी दिसतायत. तिथले गावकरी काही मनगटावर घड्याळ बांधून पळत नव्हते. पळत होते ते परदेशी सैनिक, आपल्या तळाच्या कुंपणाच्या आतून. तळांचे आराखडे जगाला त्यांच्या व्यायामानं दाखवले!

त्याआधी 2013 मध्ये संशोधकांनी युरोपातल्या एका देशातल्या पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. नावं काढून टाकलेली. तरीही कोणत्या वेळी कोणत्या टॉवरजवळ, असे फक्त चार ठिपके हातात असले, तर शंभरातली पंच्याण्णव माणसं त्या गर्दीतून वेगळी काढता येत होती. साधं आहे. रात्री तुमच्या इमारतीत झोपणारे शंभर जण असतील. पण त्यातले तुमच्याच कचेरीत जाणारे, रविवारी तुमच्याच सासुरवाडीला जेवणारे किती?

फोटोचं प्रकरण आणखी गमतीचं. जॉन मॅकॅफी, संगणकाच्या व्हायरसविरुद्ध सॉफ्टवेअर काढणारा गृहस्थ, 2012 च्या डिसेंबरात बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होता. त्याच्याबरोबर असलेल्या पत्रकारांनी त्याचा फोटो मोठ्या अभिमानानं छापला. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहिलेले! तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं आणि दोन दिवसांत तो पकडला गेला. आपले फोन कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर हेच करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते. पण स्पष्ट दिसावा म्हणून तोच फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठवला, की सोबत घराचा पत्ताही जातो.

गणपतीपुळ्याहून किनाऱ्याचे फोटो टाकताना जागेचं नाव लावायचंच असेल, तर घरी परतल्यावर लावा. समुद्र कुठे जात नाही. आणि मुलांच्या स्नॅपचॅटवरच्या नकाशात 'घोस्ट मोड' असतो, तो चालू केला की ठिपका दिसेनासा होतो. मुलांना तो माहीत असतो, आपल्याला नसतो, एवढंच.

मला जास्त बोलायचंय ते घरातल्या घरात चालणाऱ्या प्रकाराबद्दल. रात्री उशिरा रिक्षात बसलेली मुलगी आपणहून लोकेशन पाठवते, ती काळजी झाली. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा किंवा नोकरीवरच्या सुनेचा ठिपका बारा महिने चालू ठेवायला लावायचा, आणि ती दहा मिनिटं कुठे थांबली की "काय करतेस तिथे?" असा फोन करायचा, ही काळजी नव्हे, पाळत आहे. मुलाला कोणी हे विचारत नाही, हेही बघा.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं आहे. जामिनावर सुटलेल्या आरोपीनं आपलं ठिकाण गूगलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावं, अशी एक अट होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठानं ती काढून टाकली. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, त्यानं त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो, असं न्यायालयानं सांगितलं. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीला जे मिळालं, ते आपल्या घरातल्या लेकीसुनांना द्यायला काय हरकत आहे?

आता माझीही फजिती सांगतो. हे भाषण लिहायच्या आधी म्हटलं, आपलं घर आधी झाडू. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये लोकेशन शेअरिंगची यादी उघडली. तिथे मावशीसारखी आठ तासांची सक्ती नसते, 'बंद करेपर्यंत' असाही पर्याय असतो. यादीत एका जुन्या मित्राचं नाव निघालं. दोन वर्षांपूर्वी ताडोब्याला दोन गाड्यांतून गेलो होतो, चुकामूक नको म्हणून चालू केलेलं. आठवण करून देणारे ईमेल येत होते, मी न वाचताच पुसत होतो.

त्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, तुला मी अजून दिसतोय का?"

"दिसतोस की! मधूनमधून सहज बघतो," तो म्हणाला. "बरं झालं फोन केलास, मला विचारायचंच होतं. तू दर गुरुवारी संध्याकाळी त्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात काय करतोस रे?"

साठीला आलेला माणूस तिथे तबला शिकतो, हे तोवर फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं.